माजघरातले धर्मशिक्षण

पोर्तुगालच्या दरबारातून २३ मार्च १५५९ रोजी गोव्यासाठी निघालेल्या एका फर्मानात अनाथ मुलाची जी व्याख्या केलेली आहे, तिच्याकडे पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. गोवा शहरातील आणि भोवतालच्या बेटांवरील बिगरख्रिस्ती कुटुंबांतल्या ज्या अल्पवयीन मुलांना आई नाही, वडील नाहीत, आणि आजोबा, आजी किंवा त्यांच्याही वरच्या पिढीतले कोणी उरलेले नाही, अशा मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करावे, तेथे त्यांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ख्रिस्ती धर्मात त्यांचे संगोपन व्हावे, असा त्या हुकुमाचा आशय होता. याचा सरळ अर्थ असा की, आजी किंवा आजोबा हयात असणे ही मुलाच्या धर्मांतराला कायद्याने मान्य केलेली आडकाठी होती. ही आडकाठी फार काळ टिकली नाही. व्याख्या सैल करण्यात आली आणि बाप वारला की घरात आई व आजी असतानाही मूल अनाथ धरले जाऊ लागले. तरीही मूळ हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती, ती म्हणजे घराचा धर्म मुलापर्यंत पोहोचवण्याचे काम केवळ आईबाप करत नाहीत. हा हुकूम ज्याच्या नावाने निघाला तो राजा सेबास्तियांव त्या वेळी पाच वर्षांचा होता आणि त्याच्या वतीने राज्य चालवणारी कातारीना ही त्याची आजी होती, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे.

त्या फर्मानात आजी जुन्या धर्माची राखणदार म्हणून उभी आहे. पुढच्या दोन शतकांत तीच आजी त्याच किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्माची राखणदार झाली, आणि हा पालट चर्चने ठरवून घडवून आणला असे म्हणता येत नाही. चर्चच्या योजनेत हे काम धर्मगुरूंचे, शाळेचे, आईवडिलांचे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणाऱ्या धर्मपिता-धर्ममाता यांचे होते. आजी-आजोबांच्या वाट्याला ते आले ते टंचाईमुळे. कधी धर्मगुरू कमी पडले, कधी पुस्तके नव्हती, कधी अक्षरओळख नव्हती, आणि अलीकडच्या काळात मधली पिढीच पोटापाण्यासाठी घराबाहेर गेली. ज्या ज्या वेळी संस्था मागे सरली त्या त्या वेळी माजघर पुढे आले, असा हा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः गोवा, वसई आणि अहमदनगर या तीन ठिकाणी पाहता येतो.

धर्मग्रंथात या भूमिकेला आधार नाही असे नाही. नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी, तरुण तीमथ्याच्या ठायी असलेली श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती, असा उल्लेख येतो; आजीचे नाव घेऊन तिला श्रद्धेचे श्रेय देणारे असे स्थळ बायबलमध्ये दुसरे सापडणे कठीण. मारियेचे आईवडील, म्हणजेच येशूचे आजी-आजोबा, अन्ना व योआकीम हे तर बायबलमध्ये मुळीच नाहीत. त्यांची कथा याकोबाच्या नावावर चालणाऱ्या, दुसऱ्या शतकातल्या आणि बायबलच्या अधिकृत संहितेबाहेर राहिलेल्या एका ग्रंथातून आली आणि लोकांच्या भक्तीने ती उचलून धरली. गोव्यात तिसवाडीतील तळावली येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस या अन्नेच्या नावाने जे भव्य चर्च बांधले गेले, ते सांताना या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील जुलै महिन्यातल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाला, लोक तवशांचे फेस्त म्हणतात, कारण मूल व्हावे म्हणून नवस करणारी जोडपी अन्नेला तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, वाहतात. चर्चच्या स्थापनेची जी दंतकथा सांगितली जाते तीत अन्ना काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या रूपात दिसते. युरोपातल्या पुष्कळ चित्रांत अन्ना लहान मारियेला पुस्तक वाचायला शिकवताना दाखवलेली असते. तळावलीच्या दंतकथेत तिच्या हाती पुस्तक नाही, काठी आहे, आणि गोव्यातल्या आज्यांच्या बाबतीत हेच अधिक खरे होते.

चर्चच्या कायद्याने मात्र या नात्याची दखल घेतलेली नाही. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत, अगदी १९८३ च्या सुधारित संहितेतही, मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांवर आणि त्यांच्यासोबत पालकांवर व धर्मपिता-धर्ममातांवर टाकलेले आहे; आजी-आजोबांचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. एका बाबतीत मात्र कायद्याने घरातल्या कोणालाही मोठा अधिकार दिलेला होता. मूल मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल तर कोणीही, योग्य हेतूने, त्याच्या डोक्यावर पाणी ओतून आणि ठरलेले शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकतो. बाळंतपण घरातच होण्याच्या आणि जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले पहिल्या काही दिवसांत दगावण्याच्या काळात हा अधिकार कागदावरचा नव्हता, आणि तो बजावणारी व्यक्ती बहुधा सुईण किंवा बाळंतिणीच्या उशाशी बसलेली वडीलधारी बाई असे. एरवी वेदीच्या आसपासही जिला स्थान नव्हते तिला संस्कारांपैकी पहिला संस्कार देता येत होता, आणि तो चर्चला पूर्णपणे मान्य होता.

गोव्यात धर्मांतराच्या पहिल्या लाटेनंतर जी अडचण उभी राहिली ती श्रद्धेपेक्षा करमणुकीची आणि कानांच्या सवयीची अधिक होती. जुनी पुराणे, कीर्तने आणि सणांची गाणी बंद पडली, पोथ्या जप्त झाल्या किंवा जाळल्या गेल्या, आणि संध्याकाळी मुलांना सांगायला घरात काहीच उरले नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरण पावेपर्यंत मुख्यतः साष्टी भागात राहिला; ही पोकळी त्याने ओळखली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण छत्तीस अवस्वरूंचे, म्हणजे सर्गांचे, आणि दुसरे एकोणसाठ अवस्वरूंचे असून पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार व दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र येते. ग्रंथाच्या आरंभीच चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असल्याचे दृश्य येते आणि त्या वेळी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी असावे अशी मागणी करतो. ग्रंथाच्या रचनेतच अशा रीतीने दोन श्रोते धरलेले आहेत; प्रश्नोत्तरे पाठ करणारी मुले आणि पुराण ऐकण्याची सवय असलेली वडीलधारी माणसे. मुलांसाठी ‘दौत्रिना’ होती, म्हणजे प्रश्न आणि उत्तर अशा रूपातली धर्मतत्त्वांची पुस्तिका, आणि तीही स्टीफन्सनेच लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. परंतु पुराण हे वडीलधाऱ्यांचे होते, कारण ओवी कशी म्हणायची आणि कोठे थांबायचे हे त्यांनाच ठाऊक होते. मूळचा धर्म सोडताना त्यांनी कथा सोडल्या होत्या, कथा सांगण्याची रीत त्यांच्या अंगात राहिली होती, आणि स्टीफन्सने तीच रीत कामाला लावली.

या पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या नकलांमुळे, आणि या नकला चर्चमध्ये तशाच कुटुंबांतही जपल्या गेल्या. पुढे जे. एल. साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून जी आवृत्ती काढली तिला अशाच नकलांचा आधार होता, आणि मराठी वाचकाला देवनागरीत हा ग्रंथ मिळायला शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आवृत्ती यावी लागली. दरम्यानच्या काळात, जून १६८४ मध्ये, व्हाइसरॉय कौंट आल्व्हर याने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. असे हुकूम कचेरीत, शाळेत आणि काही प्रमाणात प्रवचनपीठावर चालतात. चुलीपाशी बसलेल्या, पोर्तुगीज कधीच न शिकलेल्या बाईपर्यंत ते पोहोचत नाहीत. गोव्यातील भक्तीत पोर्तुगीज आणि लॅटिन प्रार्थनांच्या जोडीला कोंकणी प्रार्थना टिकून राहिली, याचे श्रेय विद्वानांपेक्षा या निरक्षर बायकांना अधिक द्यावे लागते.

गोव्यातील ख्रिस्ती घराचा संध्याकाळचा क्रम पुढे इतका पक्का झाला की, त्याची सुरुवात कधी झाली हे सांगणे अवघड आहे. दिवेलागणीला चर्चची घंटा होते. देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाची आठवण करून देणारी ही घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी होते, आणि ती ऐकताच जो जेथे असेल तेथे उभा राहून छोटी प्रार्थना म्हणतो. त्यानंतर घरातल्या अल्ताराजवळ, म्हणजे क्रूस व संतांच्या मूर्ती ठेवलेल्या देव्हाऱ्यासारख्या जागेजवळ, सर्वांनी मिळून तेर्स म्हणायचा असतो. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ख्रिस्त व मारिया यांच्या जीवनातील पाच प्रसंगांचे मनन करत प्रत्येकी दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हटले जाते, अर्धी प्रार्थना एकाने आणि उरलेली अर्धी इतरांनी. पुढाकार बहुधा घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीचा असे आणि प्रत्येक मुलाला एकेक दशक चालवायला मिळे, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाला शब्द कळण्यापूर्वीच पाठ होत. तेर्स संपला की लहानांनी थोरांपुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा आणि थोरांनी देवाचे नाव घेऊन तो द्यायचा, ही रीत आजही अनेक घरांत आहे. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर धर्माचा अधिकार रोज ज्याच्या तोंडून व्यक्त होई तो माणूस पाद्री नसून आजोबा होता, कारण पाद्री रविवारी दिसे आणि आजोबा रोज.

वसईत हेच काम अधिक कठीण परिस्थितीत झाले. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढच्या दोनशे वर्षांत उत्तर कोकणच्या या पट्ट्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांची चर्चे व मठ उभे राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा अनेक जातींतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला घेतला तेव्हा युरोपीय धर्मगुरू बाहेर पडले. तहाच्या अटींत ख्रिस्ती लोकांना उपासनेची मुभा आणि मोजकी चर्चे राखण्याची सवलत होती, आणि स्थानिक धर्मगुरू मागे राहिले. पण ते थोडे होते, गावे पुष्कळ होती, आणि मठांची जी शिक्षणव्यवस्था होती ती नाहीशी झाली होती. काही कुटुंबे पुन्हा हिंदू धर्मात गेली, बहुसंख्य मात्र ख्रिस्ती राहिली. मराठी राज्यात, राजाश्रय नसताना, शेतीवाडी करणारा आणि बहुतांशी निरक्षर असा हा समाज आपल्या धर्मात का राहिला, या प्रश्नाला राजकीय इतिहासात उत्तर सापडत नाही. जमीन व जात यांच्या चौकटी पूर्वीसारख्याच राहिल्या हे एक कारण असू शकते. पण मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना, क्वचितच मिळत असलेल्या गावात मूल ख्रिस्ती म्हणून वाढत असेल तर ते घरात, गावच्या क्रूसाजवळ आणि स्मशानभूमीत वाढत होते, हे मान्य करावे लागते.

गावच्या वाटेवरचा क्रूस या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्यासमोर लादाईन, म्हणजे संतांच्या व मारियेच्या नामावळीची सामूहिक प्रार्थना, म्हणायला धर्मगुरूची गरज नसते. गावातला जाणता म्हातारा किंवा गाणारी बाई ती चालवू शकते आणि शेवटी मुलांना खाऊ मिळतो. भाताच्या नव्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा आगेरा हा मुंबई व तिच्या शेजारच्या साष्टी बेटावरील ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाचा सण ऑक्टोबरच्या आरंभी येतो आणि कणसे कापून आणण्याचे काम शेतीची नाडी ओळखणाऱ्या थोरांकडे असते. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी आणि त्या वेळची गाणी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी असतात. विधी जुना, त्यात नावे नव्या संतांची, अशी ही गाठ आहे; तिला शुद्ध धर्म न म्हणता मिश्रण म्हणणारे टीकाकार चर्चमध्ये आणि चर्चबाहेरही होते. परंतु ज्या काळात प्रवचन दुर्मीळ होते त्या काळात मुलाला मारिया, योसेफ आणि संत यांची नावे आधी या गाण्यांत भेटली. २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावताना कोणती कबर कोणाची हे नातवंडांना सांगणारा माणूस अर्थातच आजोबा असे, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची असते ही शिकवण त्याला वेगळी द्यावी लागत नसे.

या इतिहासाला देशावर एक वेगळेच वळण मिळाले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला स्थिरावले, आणि स्कॉटिश व इतर प्रोटेस्टंट मिशनांनी मुंबई, पुणे व जालना या भागांत काम सुरू केले, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीला ख्रिस्ती आजी-आजोबा नव्हते, आणि जे आजी-आजोबा होते त्यांच्याशी संबंध तुटलेला होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री याचा बाप्तिस्मा झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनकडे आला, तेव्हा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून जो वाद पेटला त्यात बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दाखवले. अशा खटल्यांत घराची ताकद किती होती हे दिसते. बाप्तिस्मा घेणाऱ्याला वडिलोपार्जित वाडा, देवघर, आजीचे ताट आणि तिच्या गोष्टी असे सगळेच सोडावे लागे. मिशनच्या आवारात त्याच्या मुलांसाठी शाळा होती, वसतिगृह होते, शब्बाथशाळा, म्हणजे रविवारी भरणारी धर्मशिक्षणाची शाळा, होती, आजी नव्हती.

दुष्काळांनी ही उणीव आणखी वाढवली. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत असंख्य मुले आली. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मुक्तिसदन उभारले तेही मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी. या मुलांमधून जो ख्रिस्ती समाज तयार झाला त्याच्या मागे वंशावळ नव्हती, पुढे फक्त शाळा होती. वसतिगृहाची व्यवस्थापिका आणि घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी ‘बायबलबाई’ या दोघींनी आजीची जागा काही अंशी भरून काढली. बायबलबाई बहुधा विधवा किंवा उतारवयाची असे, तिला मुलांना गोष्टी सांगण्याची हातोटी असे, आणि मिशनच्या अहवालांत तिच्या कामाची मोजदाद होत असली तरी ती जे करत होती ते पगारी आजीपण होते.

अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यांत परिस्थिती उलट होती. तेथे कुटुंबे कधी कधी एकत्रच, मुख्यतः महार समाजातून, ख्रिस्ती झाली, त्यामुळे आजी-आजोबा घरात होते, पण त्यांना वाचता येत नव्हते. नातवाला येत होते. अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापले होते, महारवाड्यातल्या शाळेत वाचन शिकवले जात होते, आणि दिवसभर गुरे राखून आलेले दहा वर्षांचे पोर रात्री कंदिलाजवळ बसून आजोबांना शुभवर्तमान वाचून दाखवी. श्रद्धेचा प्रवाह येथे धाकट्याकडून थोराकडे वाहिला, आणि या एका गोष्टीमुळे प्रोटेस्टंट घराचा ढंग कॅथलिक घरापेक्षा वेगळा झाला. कॅथलिक घरात पाठांतर थोरांचे, प्रोटेस्टंट घरात पुस्तक लहानांचे. मात्र हे फार काळ असे राहिले नाही, कारण आजोबा ऐकून ऐकून वचने पाठ करत, आणि पुढच्या नातवंडांना ती सांगण्याची पाळी आली तेव्हा त्यांना पुस्तकाची गरज उरली नव्हती. कृष्णाराव सांगळे यांच्यासारख्यांनी मराठी ख्रिस्ती भजने रचली आणि ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, तेव्हा तर निरक्षर म्हाताऱ्यांना त्यांचे जुने आयुध परत मिळाले. अभंगाची चाल त्यांना शिकवावी लागत नव्हती. सकाळ-संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत भजन, वाचन आणि प्रार्थना असा जो क्रम बसला, त्यातले भजन थोरांचे, वाचन लहानांचे आणि प्रार्थना कर्त्या माणसाची अशी वाटणी आपोआप झाली.

या सगळ्या प्रक्रियेचा एकाच घरातला नमुना पाहायचा तर टिळकांचे घर पाहावे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि नंतर त्यांनीही तो स्वीकारला. लक्ष्मीबाईंचे बालपण सोवळ्याच्या पराकोटीला गेलेल्या वडिलांच्या घरात गेले होते आणि अक्षरओळख त्यांना लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, तीही मोडक्यातोडक्या क्रमाने. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुरू केले आणि १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते फार थोडे झाले होते. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, आणि पुढे त्याची टिपांसह संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. स्टीफन्सने तीनशे वर्षांपूर्वी परक्या पंडिताच्या नात्याने जे केले होते, ते येथे एका घरातल्या तीन पिढ्यांनी केले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये धर्मोपदेश जवळजवळ नाही, संसार आहे, फजित्या आहेत, माणसे आहेत, आणि तरीही मराठी ख्रिस्ती घरांतील पुढच्या पिढ्यांना आपण कोण हे सांगण्यात त्या पुस्तकाचा वाटा प्रश्नोत्तरांच्या सर्व पुस्तिकांपेक्षा मोठा असावा. त्यातली आजी आपल्या जुन्या घराची थट्टा करते, पण त्याला नाकारत नाही. धर्मांतराने तुटलेला धागा तिने विनोदाने सांधला आहे.

विसाव्या शतकात संस्था पुन्हा पुढे सरकली. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, म्हणजे मुलाने पहिल्यांदा पवित्र भाकर स्वीकारण्याचे, वय सुमारे सात वर्षांवर आणले, त्यामुळे चर्चमधील धर्मशिक्षणाचे वर्ग लहान मुलांपर्यंत पोहोचले आणि घरी पाठ झालेल्या प्रार्थना या वर्गांची पूर्वतयारी ठरल्या. त्याआधीपासूनच गोव्यातील तरुण माणसे मुंबईला, जहाजांवर आणि पूर्व आफ्रिकेत जाऊ लागली होती. मुंबईत त्यांच्यासाठी गावोगावच्या कुडी होत्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी सामाईक खर्चाने चालवलेली राहण्याची ठिकाणे. तेथेही अल्तार असे आणि संध्याकाळच्या तेर्साला हजर राहण्याचा नियम असे. बाप कुडीत तेर्स म्हणत होता आणि मूल गावी आजीबरोबर. १९७० नंतर आखाती देशांचा ओघ सुरू झाला तेव्हा हीच मांडणी दुसऱ्यांदा झाली, यावेळी वसईच्या आणि मंगळूरच्या घरांतही, आणि कित्येक घरांत आईसुद्धा बाहेर गेल्यामुळे आजी-आजोबांकडे शाळेची फी भरण्यापासून बेसांव देण्यापर्यंत सगळेच आले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली आणि वसईत ती मराठीत झाली. इतकी शतके जी भाषा माजघरात होती ती वेदीवर आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि बायबलच्या सुबोध मराठी अनुवादातून तिला प्रतिष्ठा दिली, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण त्याच दशकांत मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत गेली. आज अडचण श्रद्धेची नाही, भाषेची आहे. आजी ‘नमो मारिया’ मराठीत म्हणते, नातीला ते इंग्रजीत पाठ असते, आणि सामवेदी बोलीतली गाणी तिला समजतात पण म्हणता येत नाहीत. यावर चर्चने काढलेला तोडगा व्यवहारी आहे, म्हणजे दोन्ही भाषांत मिस्सा आणि दोन्ही भाषांत धर्मशिक्षण. त्याचा परिणाम असा की, एकाच घरातले थोर आणि लहान रविवारी वेगवेगळ्या वेळी चर्चला जाताना दिसतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी, अन्ना व योआकीम यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिवस सुरू केला आणि चारशे वर्षे विनापद काम करणाऱ्यांना पंचांगात जागा मिळाली. त्या रविवारी दोन्ही पिढ्यांनी कोणत्या भाषेतल्या मिस्सेला बसायचे हे मात्र प्रत्येक घराला स्वतःच ठरवावे लागते.